डोक्याचं पाणी

सांडू गव्हाणे माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी त्याच्यावर बराच चिडणार आहे.

क्रांती चौकातून पैठणगेटकडे उतरताना एका बोळाच्या तोंडाशी आमची दोन दुकानं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. माझं लग्नपत्रिका आणि झेरॉक्सचं, त्याचं ड्रेपरीचं. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली. मीही लोकांच्या नावांतल्या वेलांट्या तपासूनच पोट भरतो. सांडू पाचोडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. शाळांच्या गॅदरिंगला लागणारे राजे, मावळे, वासुदेव आणि राक्षस त्याच्या दुकानात एकाच दोरीवर गुण्यागोविंदाने लटकत असतात. पण ती झाली पोटाची सोय. त्याची खरी विद्या फेट्याची. कपाळावर एकदा वीत ठेवली की त्याला डोकं कळतं. नऊ मीटर कापड दीड मिनिटात असं बसवतो की नवरदेव वरातीत दोन तास नाचला तरी पीळ हलत नाही. माझ्या टकलावरही त्याने एकदा बांधला होता. "जमीन अवघड हाय, सदाशिवराव," म्हणाला, "पर पीक उभं केलं."

डोक्यावरच्या वस्तूबद्दल त्याचे नेम कडक. टोपी असो, पगडी असो, पुठ्ठ्याचा मुकुट असो, जमिनीला लागू द्यायचा नाही. दुसऱ्याच्या घामाची वस्तू रिठ्याच्या पाण्यात धुतल्याशिवाय तिला सुई लावायची नाही, आणि मळकी वस्तू गिऱ्हाइकाला परत द्यायची नाही. दिली तर त्याच्या मते आपल्याच तोंडाला काळं लागतं. वर ते धुतलेलं पाणीही मोरीत ओतायचं नाही. "डोक्याचं पाणी हाय, त्याच्यावर लोकाचे पाय पडत्याल," असं म्हणत तो बादली उचलून मागच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी नेऊन ओततो. चाळीस वर्षं त्या झाडाने निम्म्या शहराच्या डोक्यांचं पाणी प्यायलं आहे. हे नेम त्याला बापाकडून, सर्जेरावांकडून आलेले. मी पुष्कळ चेष्टा करून बघितली. तो हसायचा आणि बादली घेऊन जायचा.

दुपारी आम्ही एकत्र जेवतो. त्याच्या बायकोच्या, आशाबाईंच्या डब्यातलं फोडणीचं वरण मी निर्लज्जपणे मागून खातो. त्यात घरच्या झाडाचा कढीपत्ता भरपूर असतो. सांडूला तो आवडत नाही. एकेक पान चिमटीत धरून बाहेर काढतो आणि डब्याच्या झाकणावर ओळीने मांडून ठेवतो. जेवण संपेपर्यंत झाकणाला हिरवी झालर लागलेली असते.

आणि आता चिडण्याची गोष्ट. ज्या बाईच्या हातचं तो रोज दोन वेळा जेवत होता, तिच्याशी तो चार वर्षं एक शब्द बोललेला नव्हता.

त्यांचा एकुलता एक मुलगा कृष्णा चितेगावच्या एका कंपनीत कामाला होता. चार वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये पाचोडला त्याच्या चुलतभावाचं लग्न झालं. सांडूने स्वतःच्या हाताने पोराला अबोली रंगाचा फेटा बांधला. घरी आल्यावर कृष्णाने तो न उलगडता टोपीसारखा अलगद उतरवला आणि कपाटावर ठेवला. त्यानंतर अकराव्या दिवशी, पहिली पाळी करून मोटारसायकलवर घरी येताना, पैठण रोडवर त्याला डंपरने उडवलं.

फेटा कपाटावर तसाच राहिला. पिळात कृष्णाच्या डोक्याचा आकार होता, आत त्याचा घाम आणि बदामाच्या तेलाचा वास. सांडू रोज दुकानाला निघण्याआधी तो दोन्ही हातांनी खाली घ्यायचा, तोंडाशी धरायचा आणि पुन्हा जागेवर ठेवायचा. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत.

मग नवरात्र आलं. घट बसायच्या आधी घरातलं फडकंसुद्धा धुवून काढायची आपल्याकडची रीत. त्यात मयत झालेलं घर. सांडूची बहीण दगडाबाई दोन दिवस येऊन डोक्यावर बसली होती, हे काढ, ते धू. आशाबाईंनी गोधड्या धुतल्या, पडदे धुतले आणि कपाटावरचा फेटाही धुतला. सांडू संध्याकाळी घरी आला तेव्हा अंगणात दोरीवर नऊ मीटर अबोली कापड वाळत होतं. पोराच्या डोक्याचा आकार गेला, वास गेला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. हात उगारला नाही, शिवी दिली नाही, नुसतं बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर तिसऱ्या माणसातर्फे, "तिला सांगा" आणि "त्यांना सांगा". तिसरा माणूस नसला की दोघंही भिंतीला सांगायची.

मी त्याच्याशी चार वेळा भांडलो. "अरे, तिचाही मुलगा होता ना?" म्हटलं.

"तिनं त्याचा वास धुतला," एवढंच तो म्हणायचा, आणि कात्री उचलायचा. मला राग यायचा आणि काही करता यायचं नाही.

लेमायान माझ्याकडे वर्षभर झेरॉक्सला येत होता. केनियाचा, मसाई जमातीचा मुलगा, इथे विद्यापीठात एम.एस्सी. करायला आलेला. सहा फुटांवर चार बोटं उंची. माझ्या शटरखालून वाकूनच आत यायचा. इथली हिंदी अशी उचललेली की 'हौ' आणि 'नक्को' बिनचूक. मार्चमधल्या एका सोमवारी तो कापडात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आला. चामड्याचा पट्टा शिवून देणारा माणूस हवा होता. शेजारचा सांडू फेटे-टोप कसे जपतो ते तो येता-जाता बघत आला होता; मी त्याला शेजारी नेलं.

सांडूने कापड उलगडलं आणि बघतच राहिला. चामड्याची एक लंबगोल चौकट, मधून चेहरा दिसेल एवढी. तिच्या कडेने शहामृगाची काळी पिसं उभी, मधूनमधून पांढरी. कपाळावर येईल तिथे लाल, निळ्या, पांढऱ्या मण्यांची पट्टी. चामडं सगळं तांबूस, तेलकट, मातकट. एका बाजूचा पट्टा तुटला होता आणि चार-सहा पिसं सैल झाली होती.

"कोन घालतं हे?" सांडूने विचारलं.

लेमायान पायरीवर बसून सांगू लागला. अडलं की इंग्रजीत माझ्याकडे बघायचा. त्यांच्यात मुलगा वयात आला की मोरान होतो, म्हणजे योद्धा. गुरं राखायची, गाव राखायचं, केस लांब वाढवायचे आणि गेरूने माखायचे. ज्याने सिंह मारला असेल त्याने सिंहाच्या आयाळीचा टोप घालायचा. ज्याने मारला नाही त्याने शहामृगाच्या पिसांचा. लांबून टोप दिसला की कोण येतंय ते कळतं. आता सिंह मारायला तिकडे कायद्याने बंदी आहे, सिंहही फार उरलेले नाहीत, त्यामुळे त्याच्या बरोबरीचे सगळे पिसांचेच.

"म्हंजी ह्याच्यात खोटं चालत नाय," सांडू माझ्याकडे वळून म्हणाला. "आपल्याकडं भाड्यानं कुनीबी सरदार होतंय."

लेमायानने पुढचंही सांगितलं. काही वर्षांनी सगळ्या मोरानांचा मिळून एक मोठा विधी होतो, त्याला यूनोटो म्हणतात. त्यात आई मुलाचे ते लांब केस आपल्या हाताने भादरते. सिंहासमोर न हटणारी पोरं तिथे ढसाढसा रडतात. तिथून पुढे तो योद्धा राहत नाही, घरादाराचा माणूस होतो, आणि टोप पुन्हा डोक्यावर चढत नाही. आयाळीचा असला तर त्याला चरबी आणि गेरू लावून तो टाकूनही देतात.

"टाकून?" सांडूला ते झेपलंच नाही. "एवढं करून टाकून?"

"टाइम खतम, अण्णा," लेमायान हसून म्हणाला.

त्याच्या बरोबरीच्या पोरांचा यूनोटो आता ठरला होता. रविवारी मुंबईहून विमान. हा टोप घालून त्याला शेवटचं उभं राहायचं होतं. शनिवारी दुपारी घेऊन जातो म्हणाला. जाताना पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाला, "बस इत्ता सी दो." सांडूने मान डोलावली.

गुरुवारी सकाळी सांडूने टोप धुतला.

मी बघत होतो, हे कबूल करतो. त्याने आधी एकेक पीस सोडवून, खुणा करून कागदावर मांडलं. मग चामडं रिठ्याच्या कोमट पाण्यात घातलं आणि मऊ ब्रशने हळूहळू घासलं. पाणी लाल झालं. बादली तीनदा बदलली, तीनदा कडुनिंबाला गेली. "लई दिसाचा मळ हाय," तो म्हणत होता. "बिचारा परदेशात कुठं धुनार? एवढ्या मोठ्या कार्याला आईसमोर बसनार, तर स्वच्छ टोप घालून बसू द्या." सांगितलं होतं फक्त पट्ट्याचं. बाकीचं तो आपल्या मायेने करत होता. दुपारी चामडं फिकट, कोरं होऊन वाळत पडलं, तेव्हा मी कौतुकाने म्हटलं, "वा, नव्यासारखा झाला की!" हे माझे शब्द.

संध्याकाळी माझ्या मोबाइलवर लेमायानचा एक फोटो आला. झोपडीसमोर बसलेली एक बारीक चणीची बाई, मांडीवर हाच टोप, आणि दोन्ही तळवे लालभडक. खाली लिहिलं होतं: अण्णांना दाखवा. ही माझी आई. मी भारतात यायला निघालो त्या सकाळी तिने गेरू आणि मेंढीची चरबी कालवून टोपाला लावली. मी इथे असतानाच ती वारली, मला जाता आलं नाही. माझे केस भादरायला ती नाही, म्हणून तिच्या हातचा हा रंग डोक्यावर घेऊन मी बसणार आहे. चामड्यावर तिची बोटं अजून दिसतात. अण्णा वस्तूला जीव लावतात, म्हणून त्यांच्याच हातात दिला.

मी ते चारदा वाचलं. दाखवूच नये असंही मनात येऊन गेलं. मी काही धीराचा माणूस नाही. पण शनिवार टळणार नव्हता. शेजारी जाऊन मी मोबाइल सांडूच्या हातात दिला आणि खालचा मजकूर मराठीत सांगितला.

त्याने फोटो बघितला. मग वाळलेलं चामडं उचललं, उजेडात धरलं, उलटसुलट केलं. "बोटं कुठं हायेत?" त्याने विचारलं. तो चामडं डोळ्याजवळ नेऊन पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. "सदाशिवराव, बोटं कुठं हायेत?" मग तो खाली फरशीवरच बसला.

शुक्रवारी त्याने दुकान उघडलं ते मागच्या दाराने, आणि तेही दुपारी. सकाळीच एसटीने पाचोडला जाऊन आला होता. तिथे त्याचा शाळेतला सोबती अप्पाराव मेंढ्या पाळतो. त्याच्याकडून स्टीलच्या डब्यात मेंढीची चरबी आणली, येताना गुलमंडीतून गेरू घेतला. सांडू माळकरी आहे. त्याने उभ्या जन्मात अंड्याला हात लावलेला नाही. त्या माणसाने मागच्या खोलीत स्टोव्हवर चरबी वितळवायला ठेवली. वासाने मला मळमळलं. तो दोनदा बाहेर जाऊन ओकून आला, चूळ भरली आणि पुन्हा पातेल्याशी बसला.

मला त्याने तो फोटो मोठा छापून द्यायला लावला. पत्रिकेच्या जाड कागदावर मी छापून दिला. तो समोर टेकवून त्याने चरबीत गेरू कालवला आणि लावला. करायला गेलो गणपती, झाला मारुती. चामडं शेंदूर फासल्यासारखं भडक दिसू लागलं. त्याने ते पुसलं. थोडी काजळी घालून लावलं, पुन्हा पुसलं. हळद घालून बघितली, राख घालून बघितली. रंग एकदा जवळपास आला, तर बोटं जमेनात. त्याची बोटं जाडजूड, फोटोतल्या बाईची सडपातळ.

"तुमची बोटं बारीक हायेत," तो एकाएकी मला म्हणाला. "तुमी लावा."

मी, मटणाच्या दुकानावरून जाताना मान फिरवणारा, शर्टाच्या बाह्या सारून त्या चरबीत बोटं बुडवली आणि चामड्यावर ओढली. दोन म्हातारे पुरुष एका मेलेल्या परक्या बाईच्या बोटांची नक्कल करत बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. पण त्याच्या तोंडाकडे बघून थांबवत नव्हतं. अंधार पडता पडता मी हात धुऊन घरी गेलो. तो गेला नाही.

शनिवारी सकाळी मी दुकान उघडतो आहे, तर समोर आशाबाई. हातात डबा. चार वर्षांत ही बाई दुकानाच्या पायरीला आली नव्हती. नवरा रात्री घरी आला नाही म्हणून पहिल्या रिक्षाने मुकुंदवाडीच्या घरून निघाली होती. मी तिला बाहेरच थांबवून थोडक्यात सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन सरळ मागच्या खोलीत गेली. सांडू लाल हातांनी बसला होता, डोळे सुजलेले. समोर फोटो, मांडीवर टोप.

ती फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"भाऊजी, त्यांना सांगा, पुसून टाका म्हनावं ते."

मी सांडूकडे वळलो.

"म्या करून बघितलंय," ती माझ्याकडेच बघत म्हणाली. "कृष्णाच्या तेलाची बाटली उरली व्हती. फेटा वाळल्यावर पयल्यांदा तेच लावलं. मग त्याच्या कंपनीचा शर्ट व्हता मळका, धुन्यातून सुटलेला, त्यो फेट्यात गुंडाळून ठिवला. महिनाभर ठिवला. हे दुकानाला गेले की काढायची अन् हुंगायची. नाय येत, भाऊजी. तेलाचा वास येतो, पोराचा नाय येत."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते तिने केव्हाच संपवलं असणार. "लोकाच्या आईचा हात आपल्याला नाय काढता येत. त्या लेकराला खरं ते सांगून टाका म्हनावं. आनि खाऊन घ्या म्हनावं." तिने डबा शिलाई मशिनवर ठेवला आणि ती गेली.

सांडू तिच्या पाठीकडे बघत होता. माझ्या जिभेवर आलं होतं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तू धुतलंस ती माया आणि तिने धुतलं तो गुन्हा. चार वर्षं हेच बोलायला मी टपलेलो. पण त्याचा चेहरा बघून गिळलं. त्याला कोणी सांगायची गरज उरलेली नव्हती. त्याने फडकं घेतलं आणि आम्ही लावलेला सगळा रंग पुसून काढला. पट्टा शिवला. पिसं खुणेप्रमाणे जागच्या जागी बांधली. डबा उघडलाही नाही.

लेमायान दोन वाजता आला, खुशीत. विमानात खायला म्हणून चिवड्याची पिशवी हातात होती. सांडूने टोप स्वच्छ कापडावर ठेवून त्याच्यापुढे सरकवला आणि लगेच सांगून टाकलं, माझी मदत न घेता, मोडक्या हिंदीत. "बेटा, मैंने धो डाला. तेरे माँ का रंग मैंने धो डाला. मेरे कू मालूम नहीं था. मैं गुन्हेगार है."

लेमायानने टोप उचलला. अंगठा चामड्यावरून फिरवला, एका विशिष्ट जागी थांबवला, पुन्हा फिरवला. त्याचं तोंड बंद झालं. रागावला नाही, रडला नाही, आमच्याकडे बघितलंही नाही. बाहेर रिक्षांचा गोंगाट चालला होता आणि आत हा एवढा उंच मुलगा खाली मान घालून बसला होता. ती गप्प बसण्याची तऱ्हा मी ओळखत होतो. चार वर्षं रोज बघत आलो होतो. सांडूनेही ती ओळखली असावी, कारण तो एकदम हात जोडून उभा राहिला.

"गाली दे, बेटा. मार मेरे कू. पर बात कर," तो म्हणाला. "बात करना छोडू नको. मैंने छोडा था. मेरे घरवाली से ऐसेच छोडा था मैंने. तू नको छोडू."

लेमायानला ते किती कळलं, मला माहीत नाही. मग त्याने मान वर केली.

"पानी किधर डाला?" त्याने विचारलं.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघू लागलो. दोन दिवस आम्ही पाचोड केलं, गुलमंडी केली, हळद आणि राख केली, पण हे आम्हा दोघा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. सांडू उठला आणि मागचं दार उघडून बाजूला झाला.

कडुनिंबाच्या बुंध्याशी, आळ्यात, मार्चच्या उन्हाने माती तडकली होती आणि तिच्यावर लाल पापुद्रा धरला होता. एका मुळावर लाल ओघळ वाळलेला होता. गुरुवारनंतर तिथे पाण्याचा थेंब पडलेला नव्हता. लेमायान गुडघ्यांवर बसला. त्याने दोन्ही तळवे त्या मातीवर ठेवले आणि तसाच वाकून राहिला, आणि मग रडला. त्याच्या गावची ती पोरं आईसमोर कशी रडत असतील, ते मला तिथे कळलं. सांडू आत जाऊन कोऱ्या फेट्याच्या कापडाचा तुकडा फाडून घेऊन आला. लेमायानने नखांनी खरवडून लाल माती त्यात घेतली, सांडूने गाठ मारून दिली.

जाताना तो "माफ किया" वगैरे काही म्हणाला नाही. ते बरंच झालं. मला ते खोटं वाटलं असतं. टोप एका हातात, ती पुरचुंडी दुसऱ्या हातात. पायरीवरून वळून एवढंच म्हणाला, "जाता हूँ, अण्णा." सांडू तो दिसेनासा होईपर्यंत रस्त्यात उभा होता.

त्या अवस्थेत त्याला एकटं सोडवेना, म्हणून संध्याकाळी माझ्या स्कूटरवर बसवून मुकुंदवाडीला नेलं. आशाबाईंनी विचारपूस केली नाही. मला "बसा, भाऊजी, जेवूनच जा," म्हणाल्या आणि दोन ताटं मांडली. भाकरी आणि ते नेहमीचं फोडणीचं वरण. सांडू सवयीने जेवायला बसला. सवयीनेच त्याने कढीपत्त्याची तीन पानं चिमटीत धरून ताटाच्या काठावर ठेवली. मग त्याचा हात थांबला.

मला वाटलं, आता हा मला म्हणणार, तिला सांगा. मी घास ठेवून तयारही झालो होतो.

"कृष्णाच्या फेट्याचं पानी," त्याने वर बघत थेट तिला विचारलं, "कुठं टाकलं व्हतंस?"

आशाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. चार वर्षांनी नवऱ्याने विचारलेला तो पहिला प्रश्न.

"कुठं टाकील?" त्या म्हणाल्या. "फेटेवाल्याच्या घरची हाय म्या. डोक्याचं पानी मोरीत टाकील व्हय?" त्यांनी हनुवटीने मागच्या दाराकडे दाखवलं. "कढीपत्त्याला टाकलं."

मागच्या दारात झाड उभं होतं, डोक्याच्या वर गेलेलं, पानांनी भरलेलं. सांडू त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने खाली ताटाकडे बघितलं. काठावरची तीन पानं त्याने एकेक करून उचलली, तोंडात घातली आणि चावू लागला. चावता चावता तो रडत होता, आणि नाक पुसायला त्याचा डावा हात खांद्यावरचं उपरणं शोधत होता.

तीन पानं संपल्यावर त्याने ताट पुढे सरकवलं.

"आजून वाढ," तो म्हणाला.

त्यांनी वाढलं. मी खाली मान घालून माझी भाकरी मोडली.